सुपात टाकलेलं नाव

मी कुणाचं तोंडावर कौतुक करणारी बाई नाही. माझ्या भावजयीला विचारा, कावेरीला. तीस वर्षं एका स्वयंपाकघरात आहोत. तिची आमटी फक्कड झाली तर मी दुसऱ्यांदा वाढून घेते, पण तोंडानं काही बोलत नाही. तर अशी मी, कस्तुराबाई, मूळ निपाणीकडची, वय सदुसष्ट, शिवलीला सिस्टरचं नाव निघालं की आधी हात जोडते. का जोडते ते सांगते. त्यात माझी लाज निघेल, ती निघू दे.

बेंगळूरच्या जे. पी. नगरात आमच्या बाजूला ज्वारी धड दळून देणारी गिरणी एकच, मंजुनाथची. बाकीचे सगळे नाचणी आणि तांदूळवाले. त्या मंजुनाथलाही मी वीस वर्षं सांगत आले, बाबा, माझी ज्वारी स्वल्प जाड ठेव, पीठ हाताला लागलं पाहिजे. तो दर वेळी 'सरी अक्का', म्हणजे बरं अक्का, म्हणतो आणि दर वेळी पावडर करून ठेवतो. मग मी भांडते. त्या मंगळवारी डबा घेऊन गेले तीही भांडायच्या तयारीनंच, तर गिरणीच्या बाकावर एक बाई बसलेली. माझ्याच वयाची, गुडघ्याला पट्टा, मांडीवर कापडी पिशवी. मंजुनाथ तिला कानडीत म्हणाला, ह्याच बघा, तुम्ही विचारत होता त्या भांडणाऱ्या अक्का.

ती उठली. गुडघ्यामुळं उठायला वेळ लागला. माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि अथणीकडच्या मराठीत विचारलं, मी अमक्याची आत्या ना म्हणून. त्या अमक्याच्या जागी तिनं जे नाव घेतलं, ते एकोणीस वर्षांत माझ्या कानावर पडलं नव्हतं. मी ते इतक्यात सांगत नाही. शेवटी सांगेन.

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, ह्या नावाचं आमच्या घरात कुणी नाही, कधी नव्हतं. आणि तडक घरी आले. घरी आल्यावर कळलं की ज्वारीचा डबा गिरणीतच राहिला. कावेरीनं डबा कुठाय विचारलं, तर तिच्यावरच खेकसले.

खोटं बोलले हे तुम्हाला कळलंच असेल. ते नाव माझ्या भाच्याचं. माझा भाऊ नागराज सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होता, त्याचा हा एकुलता एक. बारशाला कानात कुर्रर्र करून नाव मीच ठेवलं होतं. आत्याचा मान तो. महिनाभर विचार करून, चार जणांना विचारून निवडलेलं नाव.

चार वर्षांचा असताना पोराला ताप भरला. पाच दिवस उतरेना. डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, हातपाय सुजलेले, अंगभर पुरळ. मी म्हटलं गोवर आहे, कडुनिंबाचा पाला आणा. तेव्हा कावेरीनं पहिल्यांदा माझ्या तोंडाला तोंड दिलं, आणि पोराला उचलून मुलांच्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की कावासाकी म्हणून एक आजार असतो. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना. आमच्या पोराची एक नळी एका जागी फुगली होती. सलाइनमधून महागडं औषध दिलं, ताप उतरला. पंधरा दिवसांनी बोटांच्या टोकांची कातडी बटाट्याच्या सालीसारखी निघाली. ती नवी गुलाबी बोटं बघून मला रडू आवरलं नव्हतं.

त्या वॉर्डात शिवलीला नावाची एक सिस्टर होती. मी रोज भाकरी बांधून न्यायची आणि रोज कुणा ना कुणा डॉक्टरशी वाद घालायची, ती गालातल्या गालात हसायची. मला तिचं एवढंच आठवत होतं. तिला माझं किती आठवत होतं ते पुढं येईलच.

पोर घरी आलं त्या दिवशी मी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. आमच्या घराण्यात रीत आहे. मरणाच्या दारातून आलेलं पोर जुन्या नावानं घरात घ्यायचं नाही. मी त्याला शेजारणीच्या ओटीत घातलं, जुनं नाव सुपातल्या कोंड्यात बोटानं लिहून पुसलं, आणि तो सूपभर कोंडा शेजारणीला देऊन पोर परत मागून घेतलं. नवीन नाव ठेवलं गुंडू. गुंडू म्हणजे धोंडा. धोंड्याला ताप येत नाही, धोंड्याला कुणाची नजर लागत नाही. आणि जुनं नाव त्या दिवसापासून बंद, कारण आजाराला पोराचा पत्ता त्या नावानंच ठाऊक असतो. कावेरी रडली. नागराज डेपोत निघून गेला. माझ्यापुढं बोलायची त्याची टाप नाही.

अडचण एकच होती. दवाखान्याच्या फाइलवर जुनंच नाव. दोन वर्षं आम्ही तपासणीला नेत होतो, आणि तिथली पोरगी भर गर्दीत त्या नावानं हाक मारायची. नाव बदला म्हटलं तर दहा कागद मागितले. मग हाक आली की मी गुंडूच्या तोंडावर हात ठेवायची. ओ द्यायची नाही, म्हणायची. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, फुगवटा बसला, हृदयाचा एको नॉर्मल आहे. मी घरी येऊन जाहीर केलं, सगळं नॉर्मल, आता जायचं कारण नाही. शाळेत घातलं ते गुंडू नागराज चौगुले म्हणून. आपल्याला कधी असलं काही झालं होतं, हे खुद्द गुंडूलाच ठाऊक नव्हतं.

नावावरून मात्र त्यानं माझा जीव खाल्ला. दोन हजार साली जन्मलेल्या पोराला गुंडू म्हणतं का कुणी, आत्या? त्यात हे बेंगळूर. इथं गुंडू टाकणं म्हणजे पेग मारणं. कोरमंगल्याच्या ऑफिसात त्याची काय थट्टा होत असेल, विचारूच नका. मी ठणकावून सांगायची, तुझ्या पणजोबांचं नाव आहे, मुकाट्यानं लाव. पणजोबांचं नाव होतं बाळाप्पा.

ह्या वर्षी गुंडूला पळायचं खूळ लागलं. कोरमंगल्यात ऑफिसजवळ पेइंग गेस्ट म्हणून, पीजीत राहतो, सकाळी ऑफिसातल्या पोरांबरोबर पळतो. त्याच आठवड्यातल्या रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत होती, त्याचे बूटसुद्धा आले होते. आदल्या आठवड्यात घरी आला तेव्हा म्हणाला, चढावर छातीत आवळल्यासारखं होतं, पीजीच्या जेवणाचं पित्त असेल. मी त्याला जिऱ्याचं पाणी करून दिलं. मंगळवारी गिरणीतून घरी येताना हे सगळं माझ्या डोक्यात गरगर फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते, तर दारात ऑटो थांबली. गिरणीतली ती बाई उतरली, शिवलीला सिस्टरच ती, हातात माझा डबा. झाकण काढून माझ्यापुढं धरला. मी चिमूटभर पीठ बोटात घेऊन बघितलं. मंजुनाथला वीस वर्षांत जमलं नाही ते हिनं एका सकाळी जात्यासमोर उभं राहून करून घेतलं होतं. आता अशा बाईला दारातून परत कसं लावायचं? आत ये म्हटलं.

तिनं ते नाव परत विचारलंच नाही. स्वतःचं सांगत बसली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात एक बाई तिच्या गळ्यात पडून रडली. त्या बाईचा मुलगा लहानपणी ह्याच आजारानं ह्याच वॉर्डात होता, एको नॉर्मल म्हणून घरी गेलेला. अठ्ठाविसाव्या वर्षी बॅडमिंटन खेळताना कोसळला, तो उठलाच नाही. त्या दिवसापासून सिस्टरनं मनावर घेतलं. तिच्या काळातली अशी एक्केचाळीस मुलं. आताच्या डॉक्टरांना भेटली, रीतसर परवानगी काढली, जुनं रजिस्टर हुडकून काढलं आणि निघाली शोधायला. कुणी पगार देत नाही, कुणी पाठवलेलं नाही.

फोन नंबर सगळे बंद पडलेले. पत्ते म्हणजे मारुतीच्या देवळाजवळ, पाण्याच्या टाकीमागं. पण ह्या बाईची एक सवय होती. रजिस्टरात प्रत्येक मुलाच्या नावासमोर पेन्सिलनं काहीतरी टिपून ठेवायची. कुणाचा बाप शहाळी विकतो, कुणाची आजी कुठल्या भजनाला जाते. तेवढ्या धाग्यावर तिनं चौतीस मुलं गाठली होती. एकाला तर देवनहळ्ळीला जाऊन शोधलं. बाप द्राक्षाच्या बागेत कामाला होता एवढंच लिहिलेलं, बाग जाऊन तिथं प्लॉट पडलेले, तरी सापडवला. आमच्या पोराच्या नावासमोर लिहिलं होतं, 'आत्या. ज्वारीची भाकरी. जाड पीठ. भांडते.' माणसं घर बदलतात, ती म्हणाली, पण ज्वारी खाणारी माणसं गिरणी बदलत नाहीत. त्या गुडघ्यानं ती अकरा गिरण्यांत जाऊन बसली होती. मी ऐकत राहिले आणि माझी तव्यावरची भाकरी करपली.

तरी मी हट्टाला पेटलेली. म्हटलं, आम्हाला डॉक्टरांनी नॉर्मल म्हणून सांगितलंय. त्याच्यापुढं काही सांगितलं नाही. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मग वेताच्या बुट्टीतल्या भाकरीकडं बोट केलं.

"ही फुगली, मग खाली बसली. पण पापुद्रा पहिल्यासारखा राहिला का, अक्का? नळीचं तसंच असतं. आतलं अस्तर जाड होतं, म्हणून ती सरळ दिसते. भिंत मात्र पहिली राहत नाही. कडक होते, चुना धरते, आणि वीस वर्षांनी तिथंच अरुंद होते. एकोत ते दरवेळी दिसत नाही."

सगळ्यांचंच असं होतं का, मी विचारलं. नाही म्हणाली. सापडलेल्या चौतिसांतल्या सत्तावीस जणांचं ठीक निघालं. पण बघितल्याशिवाय कोण ठीक आणि कोण नाही ते कळत नाही. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा त्याला, मी फोन लावून देते. माझ्या मानेवरचं ओझं तिच्या मानेवर टाकायला निघाले होते मी.

"मी पोर शोधते," ती म्हणाली. "सांगायचं घरच्यांनी. ज्यांनी लपवलं त्यांच्याच तोंडून निघालं, तर पोर परत त्यांच्यावर विश्वास ठेवतं."

शनिवारपर्यंत गिरणीत आहे म्हणाली आणि गेली. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. मी असते तिच्या जागी तर घर डोक्यावर घेतलं असतं.

गुरुवारी मी कोरमंगल्याची बस धरली. निघताना कावेरीला सांगितलं, गुंडूला सगळं सांगून येते. ती म्हणाली, कधीच सांगायला हवं होतं, वन्सं. तोंडाला तोंड देण्याची ही तिची दुसरी वेळ, आणि दोन्ही वेळा तीच बरोबर होती.

गुंडू ऑफिसातून खाली आला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पायात ते नवे बूट. मला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायला घेऊन गेला. शर्यत रविवारी आहे आत्या, तू आत्तापासून जागा धरायला आलीस का, म्हणून हसला. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. ताप, बोटांची कातडी, फुगलेली नळी, सूप, कोंडा, सगळं. जुनं नाव तेवढं तोंडातून निघेना. म्हटलं, ते सिस्टर सांगेल.

त्याची कॉफी गार झाली. पहिल्यांदा विचारलं, मग ते पणजोबांचं नाव? म्हटलं, बाळाप्पा. हसला नाही. मग विचारलं, डॉक्टरांनी परत बोलावलं नव्हतं का? नाही म्हटलं मी. नॉर्मल म्हणाले होते फक्त.

"छातीत आवळतं म्हणून मी तुला सांगितलं, आत्या," तो म्हणाला. "आणि तू जिऱ्याचं पाणी दिलंस."

एवढंच बोलून तो ऑफिसात निघून गेला. मी तिथंच उभी. माझ्या आयुष्यात कुणी मला असं बोलून गेलं नव्हतं. संध्याकाळी त्याचा फोन आला. उद्याची रजा टाकलीय, तुझ्या सिस्टरला सांग. फोन ठेवला.

शुक्रवारी सीटी स्कॅनला आम्ही तिघं. सिस्टरनं जुनी फाइल लावून नंबर घेतला होता. गुंडू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला. काउंटरवरच्या पोरीनं हाक मारली, त्याच नावानं. गुंडू मोबाइलात बघत बसलेला. त्याला काय ठाऊक की हाक त्याला आहे? मला ठाऊक होतं, पण मी पायातल्या चपलेकडं बघत बसले. पोरीनं परत हाक मारली. शेवटी सिस्टर गुडघा सावरत उठली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्याला समजलं. उठून आत गेला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. जिथं फुगवटा होता तिथं नळीच्या भिंतीत चुन्याचं पांढरं कडं, आणि त्याच्या कडेला नळी निम्म्याहून जास्त अरुंद. शर्यत नाही, पळणं तूर्त बंद, गोळ्या रोज, आणखी एक तपासणी, आणि बहुतेक पुढं तार घालून नळी रुंद करावी लागेल. व्यवस्थित जगेल म्हणाल्या, पण ह्यापुढं दरवर्षी यायचं, आयुष्यभर. रविवारी पळाला असता तर काय झालं असतं, हे नागराजनं फोनवरून विचारायला लावलं. बाई म्हणाल्या, बरं झालं पळाला नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला माझीच किळस आली.

बाहेर बाकावर बसलो. सिस्टरनं पिशवीतून रजिस्टर काढलं, पस्तिसाव्या पोरासमोर खूण करायला. चष्मा शोधायला ती पिशवीत वाकली, तेवढ्यात गुंडूनं रजिस्टर आपल्या मांडीवर घेतलं. स्वतःचं पान त्यानंच काढलं. कानडीत पेन्सिलीच्या ओळी होत्या. आत्या, भाकरी, जाड पीठ वाचून त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. मग पान उलटलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला.

"एको नॉर्मल. तरी दरवर्षी आणा, मोठा झाल्यावरसुद्धा, असं आत्याला दोनदा समजावून सांगितलं. हो म्हणाली."

खाली तारीख. दोन हजार सहा.

म्हणजे हे पान मंगळवारीही तिच्या पिशवीत होतं. बुधवारी मी तिच्या तोंडावर खोटं बोलले तेव्हाही होतं. ते पान एकदा माझ्यापुढं टाकलं असतं तर मी जागच्या जागी गप्प झाले असते. तिनं टाकलं नाही. आत्तासुद्धा ती रजिस्टर ओढून घेत म्हणाली, अहो, गर्दीचे दिवस, कुणाला काय सांगितलं आणि कुणासमोर काय लिहिलं, माझं मलाच आठवत नाही. शिवलीला सिस्टरला आठवत नाही म्हणे. जिला माझं पीठ आठवलं तिला. ती मला वाचवत होती, आणि तेवढं मात्र माझ्यानं घेववेना.

"ऐकलं होतं मी," मी गुंडूला म्हटलं. "दोन्ही वेळा ऐकलं होतं. तिथं तुला परत त्या नावानं कुणी हाक मारू नये, एवढ्यासाठी नेलं नाही. घरातही सगळ्यांना खोटं सांगितलं."

तो बोटांनी मोबाइलची कड घासत बसला. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. एवढी मोठी झालेली बोटं. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला सवय आहे.

"तुझा हात आठवतो मला," तो म्हणाला. "तोंडावर ठेवलेला. कांद्याचा वास यायचा. मला वाटायचं, स्वप्नात बघितलं असेल कधीतरी."

मी डोळ्याला पदर लावला. तो सिस्टरच्या पलीकडून उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

"आता तूच मार," तो म्हणाला.

"काय?"

"हाक."

सिस्टर पेन्सिलीचं टोक बघत बसली होती, आमच्याकडं बघत नव्हती. महिनाभर विचार करून निवडलेलं नाव, एकवीस वर्षांपूर्वी माझ्याच बोटानं कोंड्यात पुसलेलं.

"प्रणीत," मी म्हटलं.

"ओ," तो म्हणाला.